पेसमेकरच्या तपासणीतील आकडे बदलले, तर काय समजावे? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीच्या हाती प्रत्येक तपासणीनंतर एक छापील कागद दिला जातो आणि घरी गेल्यावर तो मागच्या कागदाशेजारी ठेवून पाहिला जातो. दोन्हींतले आकडे क्वचितच तंतोतंत जुळतात. त्यांपैकी कोणता फरक नेहमीचा, कोणता विचारण्याजोगा आणि कोणत्या फरकासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, हे कळावे म्हणून ओपीडीत वरचेवर येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या व खालच्या कप्प्यात एकेक लीड (यंत्रापासून हृदयापर्यंत जाणारी तार) असलेला, म्हणजे ‘डबल चेंबर’ पेसमेकर यात गृहीत धरला आहे. एकच लीड असलेल्यांना वरच्या कप्प्याविषयीचा भाग लागू होणार नाही.

तपासणीत नेमके काय पाहिले जाते?

छातीतील यंत्राशी बिनतारी संपर्क साधणाऱ्या संगणकाला प्रोग्रॅमर म्हणतात. त्याची चकती पेसमेकरच्या जागेवर ठेवली, किंवा नव्या मॉडेलांत नुसती जवळ आणली, की यंत्राने साठवून ठेवलेली माहिती पडद्यावर येते. ढोबळमानाने पाच गोष्टी पाहिल्या जातात : बॅटरीची स्थिती, लीडचा विद्युत्‌रोध (इम्पिडन्स), हृदयाचे स्वतःचे ठोके यंत्राला किती स्पष्ट ‘दिसतात’ ते (सेन्सिंग), ठोका पाडण्यासाठी किमान किती व्होल्ट लागतात ते (थ्रेशोल्ड), आणि मागील तपासणीपासून आजपर्यंत यंत्राने नोंदवलेल्या घटना. यांपैकी एखादाच आकडा सुटा पाहून फारसे काही ठरवता येत नाही. तो मागच्या वेळी किती होता, हळूहळू सरकला की एकदम उडी मारून आला, आणि त्याच्याबरोबर आणखी कोणता आकडा हलला, हे तीन प्रश्न विचारले म्हणजे बहुतेक अहवालांचा अर्थ लागतो.

सहा महिन्यांपूर्वी बॅटरीचे आयुष्य नऊ वर्षे दाखवले होते, आज साडेसात दाखवले. दीड वर्ष कुठे गेले?

कुठेही गेले नाही. ‘शिल्लक वर्षे’ हे मोजमाप नसून अंदाज आहे. आजच्या वेगाने वीज खर्च होत राहिली तर बॅटरी कधीपर्यंत पुरेल, याचे ते गणित असते. यंत्राला अधिक ठोके पाडावे लागू लागले, व्होल्टेज वाढवून ठेवले किंवा लीडचा विद्युत्‌रोध कमी झाला, की खर्चाचा वेग वाढतो आणि अंदाज खाली येतो. उलटही घडते. बसवल्यानंतर सुरुवातीचे काही महिने सुरक्षिततेसाठी व्होल्टेज चढेच ठेवलेले असते. ते साधारण तिसऱ्या महिन्यात उतरवले, की पुढच्या कागदावर आयुष्य वाढलेले दिसते आणि नातेवाईक चकित होतात.

व्होल्टचा आकडा पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, अनेक पेसमेकरांत नवी बॅटरी 2.8 व्होल्टच्या आसपास असते, तर काही नव्या मॉडेलांत ती 3 व्होल्टच्याही वरून सुरू होते. त्यामुळे शेजाऱ्यांच्या कागदाशी आपला आकडा ताडून पाहण्यात अर्थ नाही. पेसमेकरच्या बॅटरीचे व्होल्टेज बराच काळ जवळजवळ स्थिर राहते आणि अखेरच्या टप्प्यात उतरते. म्हणून तपासण्याही त्या टप्प्यात जवळजवळच्या अंतराने, दर एक ते तीन महिन्यांनी, केल्या जातात.

अहवालात ‘ईआरआय’ किंवा ‘आरआरटी’ लिहून आले आहे. पेसमेकर बंद पडणार का?

लगेच नाही. ही दोन्ही अक्षरे ‘आता बदलण्याची तयारी करा’ असे सांगतात. या टप्प्यानंतरही यंत्र साधारणपणे किमान तीन महिने काम करील अशा हिशेबाने ते बनवलेले असते. त्यामुळे रातोरात दाखल होण्याची गरज बहुधा नसते. पण घरातले लग्न, सुगी आणि दिवाळी आटोपून मग पाहू, असे म्हणण्याइतकी सवडही नसते. ज्यांच्या हृदयाचा स्वतःचा ठोका जवळजवळ पडतच नाही, म्हणजे जे पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून आहेत, त्यांनी तर तारीख ठरवूनच दवाखान्याबाहेर पडावे.

काही कंपन्यांची यंत्रे हा टप्पा आला की वीज वाचवण्यासाठी आपली कार्यपद्धती स्वतःच बदलतात : दोन्ही कप्प्यांचा मेळ सोडून फक्त खालच्या कप्प्याला मिनिटाला 65 अशा ठरलेल्या गतीने ठोके देऊ लागतात. बॅटरी अजून चालू असूनही दम लागणे, गळून गेल्यासारखे वाटणे, मानेत ठोके जाणवणे अशा तक्रारी त्यामुळे सुरू होऊ शकतात. रुग्ण हे वयावर ढकलतात आणि खरे कारण तपासणीत सापडते.

पेसमेकरची बॅटरी चार्ज होत नाही आणि वेगळी काढून बदलताही येत नाही. ती असलेली संपूर्ण डबीच बदलावी लागते. लीड चांगल्या असतील तर त्याच नव्या डबीला जोडतात. ‘पुढे कटकट नको, एक वर्ष आधीच बदलून टाका’ असा आग्रह काही कुटुंबे धरतात. तो मान्य करू नये असे आमचे मत आहे, कारण तीच जागा पुन्हा उघडताना जंतुसंसर्गाचा धोका असतो आणि तो विनाकारण पत्करण्यात शहाणपण नाही.

थ्रेशोल्ड वाढला म्हणजे हृदय कमजोर झाले का?

नाही. थ्रेशोल्ड हा हृदयाच्या ताकदीचा आकडा नाही. लीडचे टोक जेथे टेकले आहे, तेथील स्नायूला जागे करण्यासाठी लागणारी ती किमान वीज आहे. तपासणीत व्होल्टेज पायरीपायरीने उतरवत नेतात आणि कोणत्या पायरीवर ठोका चुकतो ते ईसीजीवर पाहतात. त्या क्षणी एखाद-दुसरा ठोका चुकल्याने काहींना डोके हलके वाटते. तसे झाल्यास लगेच सांगावे, म्हणजे चाचणी तेथेच थांबवता येते.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. दवाखान्यातून घरी जाताना खालच्या लीडचा थ्रेशोल्ड 0.4 मिलिसेकंद लांबीच्या विजेच्या स्पंदाला 0.5 व्होल्ट होता, महिन्याभराने 1.25 झाला आणि तिसऱ्या महिन्यात 0.75 वर आला. मधला आकडा पाहून घाबरलेले कुटुंब आमच्याकडे येते, पण हा चढउतार अपेक्षितच असतो. लीडचे टोक स्नायूत रुतले की भोवती थोडी सूज येते आणि पुढे ती ओसरते. आजच्या लीडच्या टोकाशी स्टेरॉइड औषध ठेवलेले असल्यामुळे ही चढण पूर्वीपेक्षा पुष्कळच कमी असते. याच काळाचा विचार करून सुरुवातीचे व्होल्टेज, बहुधा 3.5 च्या आसपास, मुद्दाम जास्त ठेवतात. नंतर ते थ्रेशोल्डच्या सुमारे दुपटीवर आणण्याची पद्धत आहे. काही यंत्रे मात्र थ्रेशोल्ड रोज स्वतःच मोजून व्होल्टेज त्यानुसार कमीजास्त करतात.

वर्षानुवर्षे 0.75 वर असलेला थ्रेशोल्ड अचानक 2.5 झाला, तर मात्र कारण शोधलेच पाहिजे. लीड जागेवरून किंचित सरकली असेल, टोकाजवळच्या स्नायूला हार्ट अटॅकची झळ बसली असेल, किंवा कारण लीडमध्ये नसून रक्तात असेल. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या रुग्णात पोटॅशियम वाढले की थ्रेशोल्ड वाढतो आणि ते आटोक्यात आले की पूर्ववत होतो. फ्लेकेनाइडसारख्या, हृदयाची लय सुधारण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनीही तो वाढतो. म्हणून मधल्या काळात सुरू केलेली प्रत्येक गोळी तपासणाऱ्याला सांगावी, मग ती हृदयाची नसली तरी.

थ्रेशोल्ड वाढल्याची किंमत बॅटरी मोजते. व्होल्टेज दुप्पट केले तर प्रत्येक ठोक्यामागे लागणारी ऊर्जा चौपट होते, त्यामुळे 2.5 व्होल्टवरून 5 वर गेलेल्या रुग्णाच्या कागदावर शिल्लक वर्षे झपाट्याने घटलेली दिसली, तर ती दोन वेगळी संकटे समजू नयेत.

इम्पिडन्स 540 होता, आता 510 आहे. लीड खराब होत आहे का?

एवढा फरक दुर्लक्ष करण्याजोगा आहे. हा आकडा ओहममध्ये असतो. बहुतेक लीडमध्ये तो काही शे ते हजार-दीड हजार ओहम असतो आणि श्वास, शरीराची स्थिती यांनीसुद्धा थोडा हलतो. चिंता करायची ती मोठ्या आणि अचानक आलेल्या बदलाची. 540 चा आकडा 2000 च्या पुढे गेला, तर लीडमधली धातूची तार तुटली असण्याची किंवा डबीत तिला घट्ट धरणारा स्क्रू सैल असण्याची शक्यता असते. बसवल्यानंतर थोड्याच दिवसांत असे झाले तर स्क्रूची शंका आधी घ्यावी. उलट तो 200 च्या खाली घसरला, तर तारेवरचे आवरण फाटून वीज वाटेतच गळत असावी. गळ्याच्या हाडाखालून पहिल्या बरगडीवर लीड जेथून जाते, तेथे ती वर्षानुवर्षे चेंगरली जाऊन असे होऊ शकते.

अशा वेळी तपासणारे तुम्हाला हात वर करायला, खांदा फिरवायला किंवा दोन्ही तळहात एकमेकांवर दाबायला सांगतात आणि पडद्याकडे पाहत राहतात. अर्धवट तुटलेली तार स्थिर असताना व्यवस्थित चालते. हात हलला की तिच्यात ‘गोंगाट’ उमटतो. हा गोंगाट म्हणजेच हृदयाचा ठोका अशी यंत्राची समजूत झाली, तर ते स्वतः ठोका देण्याचे थांबवते. पेसमेकरवर अवलंबून असलेल्या माणसाला अशाने चक्कर येते, कधी तो पडतोही. म्हणून ‘वरच्या फळीवरचा डबा काढताना अंधारी आली’ ही तक्रार किरकोळ समजू नये. ती शब्दशः तशीच सांगावी. पुढचा निर्णय छातीचा एक्स-रे आणि थ्रेशोल्ड व सेन्सिंगचे आकडे एकत्र पाहून होतो.

इम्पिडन्स बदलण्याचे एक निरुपद्रवी कारणही आहे. लीड तपासताना किंवा यंत्राने स्वतःहून विजेचा मार्ग ‘बायपोलर’वरून (लीडच्याच दोन ध्रुवांमधला) ‘युनिपोलर’ (लीडचे टोक ते डबी) केला असेल, तर आकडा खाली येतो. त्याबरोबर डबीच्या जागेचा स्नायू फडफडू लागला, तर कारण तेच असू शकते. मात्र यंत्राने हा बदल स्वतःहून का केला, हे विचारायला हवे.

सेन्सिंग कमी झाले, किंवा त्या जागी आकडाच लिहिलेला नाही. का?

सेन्सिंग मिलीव्होल्टमध्ये असते आणि येथे मोठा आकडा चांगला असतो. वरच्या कप्प्याचे संकेत मुळातच लहान, दोन-तीन मिलीव्होल्टचे असतात. खालच्या कप्प्याचे त्याहून बरेच मोठे. वरच्या कप्प्यात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे अनियमित थरथर सुरू असेल, तर तेथील आकडा लहान होतो. आकडा नसण्याचे कारण बहुधा एवढेच असते की, यंत्राची गती कमी करूनही हृदयाचा स्वतःचा ठोका उमटला नाही आणि मोजायला काही मिळाले नाही. याचा अर्थ तुम्ही पेसमेकरवर अवलंबून आहात. ही गोष्ट स्वतःला आणि घरच्यांना माहीत असायलाच हवी. दुसऱ्या कोणत्याही शस्त्रक्रियेच्या वेळी ती पहिल्यांदा सांगावी लागते.

पेसिंगचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 68 टक्के झाले. आजार वाढला का?

कदाचित, पण तेवढेच कारण असते असे नाही. एकूण ठोक्यांपैकी किती ठोके यंत्राने दिले, एवढेच ही टक्केवारी सांगते. ‘हृदय 68 टक्के निकामी’ असा तिचा अर्थ लावणारे रुग्ण आम्हाला दर आठवड्याला भेटतात. सर्वांत आधी ही टक्केवारी कोणत्या कप्प्याची ते पाहावे. नैसर्गिक पेसमेकर, म्हणजे सायनस नोड मंदावल्यामुळे यंत्र बसवले असेल, तर वरच्या कप्प्याचे प्रमाण मोठे असणे हेच अपेक्षित असते. ‘कम्प्लीट हार्ट ब्लॉक’ (वरच्या कप्प्यातून खाली संदेश अजिबात न जाणे) असेल, तर खालच्या कप्प्याचे 99 ते 100 टक्के हे यंत्र चोख काम करत असल्याचे लक्षण आहे.

सायनस नोडच्या रुग्णात खालच्या कप्प्याचे प्रमाण वाढले, तर कारण शोधावे. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी ठोके मंदावणारी गोळी सुरू झाली का, मागच्या तपासणीत दोन कप्प्यांतील वेळेचे अंतर कमी केले का, की खरोखरच वरून खाली संदेश जाण्यात अडथळा निर्माण झाला? पहिल्या दोन कारणांवर उपाय तेथल्या तेथे होऊ शकतो.

हे प्रमाण उगीच वाढू न देण्यामागे सबळ कारण आहे. उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाशी ठोका दिला, की डावा कप्पा किंचित उशिरा आणि वाकड्या क्रमाने आकुंचन पावतो. बहुतेकांना याने काहीच त्रास होत नाही. परंतु प्रमाण दीर्घकाळ मोठे राहिल्यास काहींच्या हृदयाची पंपिंग क्षमता कमी होते, हे 2002 आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डेव्हिड’ व ‘मोस्ट’ या अभ्यासांनंतर ठळकपणे पुढे आले. त्यामुळे अशा रुग्णांनी अधूनमधून टू-डी इको करून घ्यावा, आणि दम लागू लागला किंवा पाय सुजू लागले तर त्यासाठी पुढच्या तारखेची वाट पाहू नये. गरज पडल्यास हृदयाच्या नैसर्गिक विद्युत्‌वाहिनीलाच ठोका देणारी लीड किंवा दोन्ही खालच्या कप्प्यांना एकत्र ठोका देणारे सीआरटी यंत्र, असे पर्याय आहेत. सीआरटी बसवलेल्यांच्या बाबतीत हिशेब उलटा असतो : तेथे पेसिंग जितके शंभर टक्क्यांच्या जवळ, तितके बरे, आणि ते 85 वर आले तर तीच काळजीची बाब ठरते.

मला काहीही जाणवले नाही, तरी अहवालात ‘एएफ एपिसोड’ कसे आले?

एएफ म्हणजे वर आलेले एट्रियल फिब्रिलेशन. वरच्या कप्प्यातील लीड रात्रंदिवस पाहत असते, त्यामुळे दहा सेकंदांचा ईसीजी आणि रुग्णाची जाणीव या दोहोंतून सुटलेल्या गोष्टी ती टिपते. पहिला प्रश्न नोंद खरी आहे का, हा असतो. खालच्या कप्प्याचा ठोका वरच्या लीडला दुरून ऐकू आल्याने किंवा गोंगाटामुळेही अशी नोंद होते. म्हणून नुसती संख्या न पाहता साठवलेला आलेख उघडून पाहावा लागतो.

नोंद खरी असेल, तर प्रश्न पक्षाघाताच्या धोक्याचा असतो. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘असर्ट’ अभ्यासात, सहा मिनिटांहून अधिक काळ अशी जलद लय नोंदवली गेलेल्या, 65 वर्षे वा त्यापुढच्या आणि रक्तदाब असलेल्या रुग्णांमध्ये पक्षाघात व तत्सम गुठळ्यांचा धोका सुमारे अडीच पट आढळला. मग सर्वांनाच रक्त पातळ करणारी गोळी का देत नाहीत? कारण 2023 मधील दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत : ‘नोआ’ अभ्यासात एडोक्साबॅनने ठोस फायदा दिसला नाही आणि रक्तस्राव वाढला, ‘आर्टेसिया’ अभ्यासात एपिक्साबॅनने पक्षाघात कमी झाले, पण मोठे रक्तस्रावही वाढले. त्यामुळे दोन मिनिटांची नोंद आणि चोवीस तासांहून लांबलेली नोंद यांत डॉक्टर मोठा फरक करतात, आणि त्याला वय, मधुमेह, रक्तदाब, आधी झालेला पक्षाघात यांची जोड देऊन निर्णय घेतात. कागदावरची अक्षरे वाचून घरी असलेली जुनी गोळी सुरू करणे, किंवा ‘आता एपिसोड शून्य’ म्हणून चालू गोळी बंद करणे, दोन्ही धोक्याचे आहे.

‘रेट हिस्टोग्राम’ म्हणजे काय?

दिवसभरात ठोक्यांची गती कोणत्या टप्प्यात किती वेळ होती, त्याचा आलेख. चालताफिरताना दम लागणाऱ्या रुग्णाचे सगळे ठोके 60-70 च्याच रकान्यात साठले असतील, तर हालचालीनुसार गती वाढवणारा सेन्सर सुरू करून किंवा अधिक संवेदनशील करून पाहतात. हा सेन्सर बहुधा कंप आणि हालचाल ओळखतो. त्यामुळे खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकीवर जाताना तुम्ही स्वस्थ बसलेले असूनही ठोके वाढू शकतात. तो बिघाड नव्हे.

मोड ‘डीडीडी’ होता, आता ‘व्हीव्हीआय’ आहे. कोणी बदलला?

‘डीडीडी’मध्ये यंत्र दोन्ही कप्पे सांभाळते, ‘व्हीव्हीआय’मध्ये फक्त खालचा. कायमस्वरूपी एएफ झाल्यावर डॉक्टर मोड जाणीवपूर्वक बदलतात. बॅटरीच्या अखेरच्या टप्प्यात यंत्र बदलते, हे वर आलेच आहे. तिसरी शक्यता म्हणजे मधल्या काळात झालेली शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सार उपचार : विद्युत्‌कौटरीच्या (शस्त्रक्रियेत विजेने छेद देणाऱ्या उपकरणाच्या) किंवा किरणांच्या प्रभावाने यंत्र कधीकधी मूळ सुरक्षित स्थितीत जाते. एमआरआयसाठी केलेला तात्पुरता बदल पूर्ववत करायचा राहून गेला, असेही घडते. म्हणून एमआरआय किंवा शस्त्रक्रियेनंतर ‘पेसमेकर पूर्वीसारखा लावला का’ असे विचारायला संकोच करू नये.

तपासणी दुसऱ्या गावी करून घेतली तर चालेल का?

चालेल, पण आधी फोन करून विचारावे. प्रत्येक कंपनीच्या यंत्राला त्याच कंपनीचा प्रोग्रॅमर लागतो, आणि अनेक ठिकाणी तो कंपनीचा तंत्रज्ञ ठरलेल्या दिवशी घेऊन येतो. कंपनी व मॉडेल यांची नोंद असलेले पेसमेकर कार्ड जवळ नसेल, तर तालुक्याहून जिल्ह्याला केलेली फेरी वाया जाऊ शकते. मागचे अहवालही न्यावेत. ते अनेकदा थर्मल कागदावर छापलेले असतात आणि उष्णतेने काही काळात कोरे होतात, तेव्हा त्याच दिवशी झेरॉक्स काढावी किंवा मोबाइलवर फोटो घ्यावा. कपाटात दहा वर्षांचे कागद नीट जपून ठेवलेले आणि त्यांपैकी निम्मे पांढरेफटक, असे वारंवार दिसते.

एरवी स्थिर असलेल्या रुग्णाची तपासणी सहा महिने ते वर्षाने पुरते. घरून माहिती पाठवणारा मॉनिटर किंवा मोबाइल ॲप असेल, तर प्रत्यक्ष फेऱ्या आणखी कमी होऊ शकतात. मात्र मॉनिटर ही रुग्णवाहिका नव्हे आणि त्याने पाठवलेला इशारा कोणीतरी त्याच क्षणी वाचत असेल, असे गृहीत धरू नये. शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, थांबत नसलेली उचकी, डबीच्या जागी लाली, सूज, पाणी येणे किंवा कातडीतून धातू दिसणे, यांपैकी काहीही झाले तर थेट दवाखाना गाठावा.

पेसमेकर 60 वर लावला आहे, पण घरच्या बीपी मशीनवर नाडी 48 येते. यंत्र बिघडले का?

बहुधा नाही. मध्येच येणारे जादा ठोके इतके कमजोर असतात की, मनगटापर्यंत त्यांची लाट पोहोचत नाही. यंत्र ते ठोके मोजते, बीपी मशीन किंवा बोटाचा ऑक्सिमीटर मोजत नाही. शिवाय काही यंत्रांत झोपेसाठी कमी गती लावलेली असते, किंवा हृदयाला स्वतःचा ठोका देण्याची संधी मिळावी म्हणून थोडे थांबण्याची सोय चालू असते. मनगटावर बोट ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. तरीही ती वारंवार ठरलेल्या गतीपेक्षा कमीच येत असेल, तर जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्यावा. त्यात पेसमेकरचा संकेत दिसतो आणि त्यामागे ठोका पडत नाही असे आढळले, तर त्याच दिवशी पेसमेकरची तपासणी करून घ्यावी. चक्कर किंवा अंधारी सोबत असेल, तर मोजत बसू नये. रुग्णाला आडवे करून रुग्णवाहिका बोलवावी आणि पेसमेकर कार्ड त्याच्यासोबत द्यावे.